अमेरिकेत छोटी बोट चालवताय? किल स्विचचा नियम तुम्हाला लागतो का, ते असं तपासा

किल स्विच म्हणजे चालक बोटीवरून पडला की इंजिन बंद करणारा स्विच; त्याची दोरी अंगाला लावून बोट चालवायची, हा तो नियम. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, फी भरावी लागत नाही की वेगळा परवानाही काढावा लागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला हा फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, नियम थेट बोट चालवणाऱ्यावर आहे. बोट स्वतःची असो, मित्राची असो वा तळ्याकाठी तासावर भाड्याने घेतलेली. त्यामुळे कागद जमवण्याचं काम थोडं, आपण नियमात बसतो का हे पाहण्याचं जास्त.

स्विच चालकाच्या हाताशी असतो. त्याला अडकवलेल्या दोरीचं दुसरं टोक चालकाच्या अंगाला, कपड्यांना किंवा लाइफ जॅकेटला लावायचं. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर बोट सरळ लांब निघून जाईल असं बहुतेकांना वाटतं. पण सुकाणू सुटलं की पंख्याच्या जोराने ते अनेकदा एका बाजूला वळतं, आणि बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. मिनिटाला ३,२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात १६० वार करू शकतो.

बोट २६ फुटांपेक्षा लहान, इंजिन ३ अश्वशक्ती किंवा जास्त, आणि बोट वेगाने पाण्यावर उचलली जाऊन घसरत चाललेली: या तिन्ही गोष्टी जुळल्या की दोरी सक्तीची. धक्क्याला लावताना, गळ टाकून सावकाश फिरताना किंवा लाटा उठवायला बंदी असलेल्या भागात ती लावलीच पाहिजे असं नाही. मुख्य सुकाणू बंद केबिनमध्ये असेल तरीही सूट आहे.

खरा घोळ होतो तो जुन्या बोटींबाबत. २०२० च्या आधी बांधलेल्या बोटीत स्विच नसेल, तर तो नव्याने बसवण्याची सक्ती नाही. पण स्विच असेल तर बोट कितीही जुनी असो, दोरी वापरावीच लागते. ‘जुनी बोट म्हणजे सूट’ हा गैरसमज इथेच होतो. जानेवारी २०२० पासून बांधलेल्या बोटीत मात्र स्विच हवाच, आणि तो चालू ठेवणं मालकाचं काम.

बोट कधी बांधली हे विक्रेत्याला विचारत बसू नका. मागच्या फळीवर उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ १२ अक्षर-अंकांचा हल क्रमांक, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. त्यातली शेवटची चार चिन्हं पाहा: महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), बांधणीच्या वर्षाचा शेवटचा अंक आणि मग मॉडेलचं वर्ष. ‘एल९२०’ दिसलं तर ती बोट २०२० चं मॉडेल म्हणून विकली गेली असली तरी बांधली डिसेंबर २०१९ मध्ये. सेकंडहँड बोट घेताना हे तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही.

कागदपत्रांत बोटीचं राज्याकडचं नोंदणीपत्र सोबत ठेवा, भाड्याची असेल तर भाडेकरारही. चालकाचं प्रशिक्षण प्रमाणपत्र राज्याप्रमाणे बदलतं; न्यू जर्सीत मोटरबोट चालवायला ते साधारणपणे लागतंच. न्यू जर्सी आणि टेक्सास, म्हणजे जिथे आपली मंडळी बरीच आहेत, तिथे किल स्विचचे राज्याचे स्वतःचे नियम फेडरल नियमाच्या आधीपासून आहेत. फेडरल नियम देशाच्या जलमार्गांवर लागतो, तर राज्याच्या हद्दीतल्या तळ्यावर राज्याचा, म्हणून दोन्ही वाचा.

पहिल्यांदा सापडलात तर १०० डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्यांदा २५० पर्यंत, त्यानंतर ५०० पर्यंत.

दोरीत पाय अडकतात अशी तक्रार असेल तर वायरलेस प्रकार चालतो: मनगटावर किंवा जॅकेटवर छोटं यंत्र, ते पाण्यात गेलं की इंजिन बंद. काहीही वापरा, पण निघण्याआधी धक्क्यालाच इंजिन सुरू करून दोरी ओढून पाहा. आणि एक जादा दोरी बोटीत ठेवा, बरोबरच्यांना ती कुठे आहे ते दाखवूनही ठेवा. चालकच दोरीसकट पाण्यात पडला, तर त्याला आणायला इंजिन पुन्हा सुरू करावं लागेल ते त्यांनाच.