प्रबलन अध्ययन आणि स्वयंचलित शेअर व्यवहार

शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा आणि कधी गप्प बसायचे, याचे नियम माणसाने लिहून न देता संगणकाला सौद्यांच्या नफा-तोट्यातून ते शिकू देण्याची पद्धत. रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणजेच प्रबलन अध्ययन या संगणकशास्त्रीय शाखेचे हे उपयोजन आहे. नेहमीच्या अल्गोमध्ये, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणकीय प्रणालीत, ‘भाव वीस दिवसांच्या सरासरीवर गेला की घे’ असा नियम आधीच ठरलेला असतो. इथे प्रणालीपुढे फक्त स्थिती असते : भाव, उलाढाल, हातातले शेअर. ती कृती करते, त्यावर बक्षीस किंवा दंड मिळतो आणि हजारो फेऱ्यांनंतर तिचे धोरण, म्हणजे कोणत्या स्थितीत काय करायचे याची रीत, घडत जाते.

या पद्धतीची गणिती मुळे गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांच्या १९५०च्या दशकातील कामात आहेत. ख्रिस वॉटकिन्स यांनी १९८९ मध्ये क्यू-लर्निंग, म्हणजे प्रत्येक स्थितीत प्रत्येक कृती किती फायद्याची हे अनुभवातून शिकण्याची रीत, मांडली. शेअर बाजाराच्या दृष्टीने जॉन मूडी व मॅथ्यू सॅफेल यांचा २००१चा निबंध महत्त्वाचा. त्यांनी निव्वळ नफ्याऐवजी जोखमीच्या मानाने मिळणारा परतावा, म्हणजे शार्प गुणोत्तर, हेच बक्षीस धरले आणि ते प्रत्येक पायरीगणिक मोजण्याची रीत वापरली. नुसत्या नफ्यावर बक्षीस दिले तर यंत्र जुगार शिकते.

बक्षिसातून खर्च वजा करायला विसरणे ही नवशिक्यांची सर्वांत महाग चूक. भारतात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरच्या, विक्रीवर ०.०२५ टक्के रोखे व्यवहार कर लागतो. आकडा किरकोळ दिसतो. पण सगळे भांडवल लावून दिवसाला वीस वेळा घे-वीक करणारी प्रणाली रोज अर्धा टक्का नुसता हा कर भरते. वर्षाच्या सुमारे २५० सत्रांत ही रक्कम मूळ भांडवलापेक्षा जास्त होते. दलाली आणि स्लिपेज, म्हणजे अपेक्षित भाव व प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, वेगळेच.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. २०१६ मध्ये ‘गो’ या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडोल यांना हरवणारी अल्फागो ही प्रणाली आधी माणसांच्या डावांवरून शिकून आणि मग स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून तयार झाली होती. बाजाराचा डाव पुन्हा मांडता येत नाही. वीस वर्षांचा निफ्टी म्हणजे दैनिक भावांच्या जेमतेम पाच हजार नोंदी. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. असा दिवस त्या वीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही सापडत नाही, मग त्यातून शिकायचे किती? शिवाय जुन्या नोंदीतला भाव आपल्या ऑर्डरने हलत नाही, खऱ्या बाजारातला हलतो. म्हणून बॅकटेस्टमधला, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीतला, चढता आलेख दाखवून अशी प्रणाली छोट्या गुंतवणूकदाराला विकणे हे चुकीचेच म्हणावे लागेल.

या तंत्राला भक्कम जमीन मिळाली ती वेगळ्या कामात : काय घ्यायचे हे नव्हे, तर ठरलेला मोठा सौदा कसा उरकायचा. नेवमिवाका, फेंग व कर्न्स या संशोधकांनी २००६ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराच्या ऑर्डर बुकवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या प्रलंबित ऑर्डरींच्या यादीवर, हा प्रश्न मांडला. किती शेअर उरले, किती वेळ उरला, अशा गोष्टींवरून पुढची लिमिट ऑर्डर कोणत्या भावाला लावायची ते यंत्राने शिकायचे. इथे अनुभव मुबलक असतो आणि निकाल काही मिनिटांत कळतो. जेपी मॉर्गन बँकेने २०१७ मध्ये युरोपातील शेअर सौद्यांसाठी वापरात आणलेली ‘लॉक्सम’ प्रणाली याच वाटेवरची.

भारतात सेबीने २००८ मध्ये थेट बाजार प्रवेशाला, म्हणजे दलालाच्या हस्तक्षेपाविना ग्राहकाने ऑर्डर थेट बाजारात पाठवण्याला, परवानगी दिल्यावर अल्गो व्यवहार वाढले. सेबीच्या २०२४च्या अभ्यासात वायदे-विकल्पांचे (फ्युचर्स-ऑप्शन्स) व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत तोटा झाल्याचे दिसले; परकीय संस्थांच्या या व्यवहारांतील नफ्यापैकी ९७ टक्के नफा अल्गोतून आला होता. सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने, ज्याचा तर्क वापरणाऱ्याला कळत नाही असा ‘ब्लॅक बॉक्स’ अल्गो देणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी आवश्यक केली. तर्क बदलला की अल्गोची नोंदणी नव्याने करावी लागते. बाजारात उतरल्यावरही शिकत राहणाऱ्या प्रणालीत तो रोजच थोडा बदलतो. त्यामुळे व्यवहारात असे धोरण आधी शिकवून गोठवणे आणि ठरावीक काळाने नवी आवृत्ती नोंदवणे, हाच सरळ मार्ग उरतो.