डोंगर किलोमीटरमध्ये मोजू नये

‘फक्त आठ किलोमीटर तर चालायचंय!’ पहिल्या ट्रेकचा बेत बहुतेकदा या एका वाक्यावर पक्का होतो. सपाट रस्त्यावर आठ किलोमीटर म्हणजे धडधाकट माणसाला दीड-पावणेदोन तास. डोंगरात त्याच आठ किलोमीटरना तीन तास लागतात, पाचही लागतात, आणि वाट घसाऱ्याची निघाली तर उतरता उतरता अंधार पडतो. कारण पायांना जड जातो तो चढ-उतार. म्हणून बेत आखताना आधी उंचीचा हिशेब मांडायचा, अंतराचं नंतर बघू.

हा हिशेब नकाशावर मांडता येतो. शाळेत भूगोलाच्या तासाला भेटलेल्या समोच्च रेषा आठवा. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या या रेषा. लगतच्या दोन रेषांमध्ये उंचीचा किती फरक धरला आहे ते नकाशाच्या खाली लिहिलेलं असतं; समजा २० मीटर. नकाशाचं प्रमाण १:५०,००० असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आता आपल्या वाटेवर बोट ठेवून सरकवत न्या. एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा लागल्या तर अर्ध्या किलोमीटरमध्ये १०० मीटर चढ, म्हणजे २० टक्के. घाम काढेल, पण नवख्याला झेपेल. तेवढ्याच जागेत दहा रेषा दाटीवाटीने आल्या तर चढ ४० टक्के. अशा वाटेवर अधूनमधून हातही टेकावे लागू शकतात, आणि पहिल्याच ट्रेकला हे कशाला? रेषा एकमेकींना चिकटल्याच असतील तर तिथे कडा आहे.

इथे एक चकवा आहे. माथ्याच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा केली की चढाई निघाली, असं वाटतं. पण वाट सोंडेवरून २०० मीटर चढून खिंडीत ८० मीटर उतरत असेल, तर ते ८० मीटर पुन्हा चढायचे असतात, आणि परतताना तिथेच आणखी एक चढ वाट बघत असतो. म्हणून एकूण चढाई मोजावी, येताना-जाताना दोन्हीकडची. फोनमधलं ॲप ही बेरीज आपोआप करून देतं, मात्र जीपीएसला उंचीचा अंदाज अंतराइतका नेमका लागत नाही. छोट्या छोट्या चुका बेरजेत साचत जातात आणि आकडा फुगतो. रेषा मोजण्याची पाच मिनिटांची मेहनत मला तरी जास्त भरवशाची वाटते.

उंची हाती आली की वेळ काढायची. त्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या आठ किलोमीटरच्या ट्रेकमध्ये चढाई ४५० मीटर आहे असं धरू. अंतराचे १ तास ३६ मिनिटं, चढाईची ४५ मिनिटं. एकूण २ तास २१ मिनिटं. हा झाला सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ. नवख्यांनी त्याची दीडपट करावी, म्हणजे साडेतीन तास. त्यात खाणं, फोटो, बुटाची नाडी बांधणं आणि नुसतंच बसणं यांचा पाऊण तास मिळवला की सव्वाचार तास झाले.

दीडपट का, हे गणित करून बघण्यासारखं आहे. सॅकसकट तुमचं वजन ७० किलो असेल तर ते ४५० मीटर वर नेण्यासाठी साधारण ३०९ किलोज्यूल काम करावं लागतं. कॅलरीत सांगायचं तर जेमतेम ७४. वाचून हसू येईल! पण स्नायू काही आदर्श यंत्र नाहीत. जेवढी ऊर्जा खर्चतात तिच्यातली जास्तीत जास्त पावभर ते कामाला लावतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसत्या उंचीपोटी ३०० कॅलरी, आणि आडवं चालण्याचा खर्च वेगळा. आता नेस्मिथच्या वेगाने, तासाला ६०० मीटर, चढायचं तर ७० किलोंसाठी सतत ११४ वॉटची यांत्रिक शक्ती लागते, आणि शरीराला त्यासाठी चौपट, म्हणजे साडेचारशे वॉटच्या वर ऊर्जा जाळावी लागते. रोज खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हे तासभर टिकवणं कठीण. तासाला ३०० मीटरचा वेग धरला की ही मागणी थेट निम्मी होते.

चढाईत नवखे लोक थकतात ते वेगाच्या चुकीमुळे. पहिली वीस मिनिटं उत्साहात भराभर जातात. स्नायूंना हवा तेवढा ऑक्सिजन रक्त पुरवू शकत नाही, मग ते ऑक्सिजनविना ऊर्जा काढण्याच्या मार्गावर जास्त विसंबतात. त्यात साठवलेली साखर झपाट्याने संपते, पाय जड होतात, धाप लागते. वेग बरोबर आहे का ते बघायला घड्याळ किंवा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा काही लागत नाही, बोलून बघा. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर पावलं लहान करा. मध्येच थांबण्याऐवजी हळू पण सलग चालणं शरीराला सोपं जातं, आणि हे पटायला पहिल्या ट्रेकचा उत्तरार्ध उजाडावा लागतो, असा माझा अनुभव.

आता उतार. माथा गाठला की ट्रेक झाला, पुढे काय, उतरायचंच तर आहे, असं बहुतेकांना वाटतं. दम लागत नाही हे खरं. उतरताना ऑक्सिजनची गरज बरीच कमी असते. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे नीट लक्ष द्या. खालच्या पायरीवर पाय टेकतो, गुडघा वाकतो, आणि शरीराचा भार आदळू नये म्हणून मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो. ब्रेक लावल्यासारखं हे काम दर पावलाला होतं. आवळणं आणि ताणलं जाणं एकाच वेळी घडल्याने स्नायूतंतूंना अतिसूक्ष्म इजा होतात. त्या जागच्या जागी दुखत नाहीत. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी, आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान ते ऐन भरात असतं. ट्रेकनंतर जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि चढताना मात्र फारसं काही होत नाही, त्याचं उत्तर यात आहे.

याच शरीरशास्त्रात एक सोयीची गोष्टही दडलेली आहे. असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला कमी दुखावतो. म्हणजे ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी दोन-तीन वेळा जिने उतरण्याचा सराव केला तरी फरक पडतो. चढून जायलाच हवं असं नाही. लिफ्टने वर जा आणि पायांनी खाली या. सरावाची ही तऱ्हा शेजाऱ्यांना विचित्र वाटेल, पण स्नायूंना ती नेमकी लागू पडते. प्रत्यक्ष उतारावर पावलं छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, हातात काठ्या असतील तर त्या आधी पुढे टेकवाव्यात. गुडघ्यावरचा थोडा भार हातांकडे जातो.

उतारावर वेगही आपोआप वाढत नाही. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ साली चालण्याचा वेग आणि उतार यांचं सूत्र मांडलं. त्यानुसार माणूस सर्वांत वेगात चालतो ते पाच टक्क्यांच्या हलक्या उतारावर, तासाला ६ किलोमीटर. सपाटीवर ५. तीस टक्क्यांच्या चढावर हा वेग पावणेदोनवर येतो, आणि तेवढ्याच उतारावर अडीचवर. म्हणजे तीव्र उतारावर आपण सपाटीच्या निम्म्या वेगाने चालतो. नेस्मिथचा ठोकताळा उताराचा विचारच करत नाही, म्हणून एरिक लँगमुर या गिर्यारोहकाने त्यात दुरुस्ती सुचवली: हलक्या उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा करा, पण १२ अंशांहून तीव्र उतारावर दहा मिनिटं वाढवा. नवख्यांनी वजाबाकीच्या भानगडीत पडू नये.

बूट आणि सॅक यांवर दुकानदार जेवढं बोलतात तेवढं बोलण्याची गरज नाही. एवढं लक्षात असू द्या की पायात घातलेलं वजन दर पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं, त्यामुळे बुटाचे जादा ५०० ग्रॅम सॅकमधल्या ५०० ग्रॅमपेक्षा कितीतरी महाग पडतात. सोप्या, एका दिवसाच्या वाटेला घोट्यापर्यंतचे भक्कम जड बूट लागत नाहीत. चांगल्या पकडीचे, आधी वापरून सैलावलेले हलके बूट पुरतात. उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

पाण्याकडे मात्र थोडं थांबून बघू. वर काढलेल्या ३०० कॅलरींपैकी सव्वादोनशेच्या आसपास उष्णता होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ उंची चढण्यातून निघालेली उष्णता बाहेर टाकायला जवळजवळ ४०० मिलिलिटर घाम हवा. आडव्या चालीची उष्णता आणि ऊन धरून तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाणं अगदी नेहमीचं. चार-सव्वाचार तासांना दोन ते तीन लिटर पाणी बरोबर असावं. तहान लागली की प्यावं, पण भीतीपोटी ढोसू नये. तासन्‌तास घाम गाळत नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच, त्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. सोबत काहीतरी खारट खात राहणं हा त्यावरचा सोपा उपाय.

हाच घाम माथ्यावर उलटतो. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा ४५० मीटरवर जेमतेम तीन अंशांचा फरक. पण वर वारा असतो, अंगातला सुती शर्ट ओलाचिंब असतो, आणि आपण चालायचं थांबलेलो असतो. ओलं कापड अंगाची उष्णता कोरड्या कापडापेक्षा फार भराभर पळवतं. लवकर वाळणारा शर्ट घालावा, आणि थंडी वाजायच्या आधी, बसल्याबरोबर, वरून वारा अडवणारं जॅकेट चढवावं. विरळ हवेची काळजी छोट्या ट्रेकला सहसा नसते. उंचीचा त्रास साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. पहिली वाट त्याखालचीच निवडा.

हवामानाचं सांगायचं तर सकाळ आपली, दुपार डोंगराची. ऊन चढलं की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर सरकते, वर थंड होऊन ढग धरते, आणि वादळी हवेच्या दिवसांत दुपारनंतर विजा कडाडतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, डोंगराच्या धारेवरून तातडीने खाली उतरायला हवं. एकट्या झाडाखाली थांबू नका, गुहेच्या तोंडाशीही नाही.

आता सगळे आकडे घड्याळावर बसवू, उलट्या क्रमाने. सूर्यास्त सव्वासहाला असेल, तरी दरीत सूर्य बराच आधी डोंगराआड जातो. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर हाताशी काही तास हवेत. म्हणून पायथ्याशी परतण्याची वेळ दुपारी एक धरली. सव्वाचार तास वजा केले की पावणेनऊ, आणि मंडळी ठरल्या वेळी कधीच निघत नाहीत, तेव्हा आठला निघायचं. शिवाय मागे फिरण्याची एक वेळ घरीच ठरवून टाकावी, समजा अकरा. अकराला माथा समोर दिसत असला तरी वळायचं. ही वेळ वाटेवर ठरवायला गेलं की नेहमी पुढे ढकलली जाते. हिशेबातला वेग गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असावा, आणि त्याला पुढे चालू द्यावं.

घरच्या कुणाला तरी वाटेचं नाव, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे लिहून द्या. नेटवर्क नसलेल्या जागी फोन सिग्नल शोधत बसतो आणि बॅटरी खातो. नकाशा आधीच उतरवून घेऊन फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतं, त्यामुळे बहुतेक फोनमध्ये ते तेव्हाही चालू राहतं. आणि हेडटॉर्च घ्या, दुपारी एकला परतायचं असलं तरी.