पार्श्वभूमी: ‘लोकल’ नावाचा घोळ

नागपुरात लोकल ट्रेन नाही, तरी परसोडीच्या आमच्या ऑफिसात एका ‘लोकल’ने सर्व्हर रात्रभर गरगर फिरवला. बॅश या शेलची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, स्क्रिप्ट साधी होती. बाहेरच्या फंक्शनात ‘आय’ हे मोजणीचं व्हेरिएबल ‘लोकल’ म्हणून जाहीर केलेलं, लूप दहापर्यंत. त्यातून बोलावलेल्या फंक्शनात तीनपर्यंतचा लूप, तोही ‘आय’वरच, तिथं लोकल लिहायचं राहून गेलं. आतला लूप ‘आय’ला ३ वर सोडायचा, बाहेरचा ४ करायचा, आतला पुन्हा शून्यावरून ३ वर. दहा काही वाजलेच नाहीत.

हे डायनॅमिक स्कोपिंग, म्हणजे नाव कुठल्या व्हेरिएबलचं हे कोड चालताना ठरणं. नाव स्वतःकडे नसलं की शोध बोलावणाऱ्याकडे जातो, तिथं नसलं तर त्याला ज्यानं बोलावलं त्याच्याकडे. कोड कुठं लिहिलाय, याला काही किंमत नाही.

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या सुरुवातीच्या रूपात हे कुणी ठरवून आणलं नव्हतं. नाव आणि किमतीच्या जोड्यांची यादी असायची, नवी जोडी वर. पहिली सापडेल ती खरी. फंक्शनच दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिलं की भलतीच किंमत उचलली जायची. १९६० च्या अल्गोल भाषेने कोडच्या मजकुरातली जागा प्रमाण मानली; हेच लेक्सिकल किंवा स्टॅटिक स्कोपिंग. १९७५ ला स्कीम आणि १९८४ ला कॉमन लिस्प या लिस्पच्या बोलीही त्याच वाटेनं गेल्या.

खरा गुंता शब्दाचा आहे. पर्ल भाषेतलं ‘लोकल’ नवं व्हेरिएबल बनवतच नाही. ते ग्लोबल, म्हणजे सगळीकडून दिसणाऱ्या व्हेरिएबलची जुनी किंमत बाजूला ठेवतं आणि ब्लॉक संपला की परत आणतं. मधल्या वेळात बोलावलेल्या सगळ्यांना नवी किंमत दिसते. याला ‘तात्पुरतं’ म्हणायला हवं होतं. १९९४ च्या पर्ल ५ ने ‘माय’ आणलं, ते खरंखुरं स्थानिक. पण जुन्या स्क्रिप्टांसाठी ‘लोकल’ही राहिलं. बॅशमध्ये तर ‘माय’सारखं काहीच नाही. शेलसाठीच्या पॉझिक्स या प्रमाणात ‘लोकल’ बसत नाही, आणि कॉर्न शेल या दुसऱ्या शेलच्या ९३ च्या आवृत्तीत ‘फंक्शन’ शब्दानं सुरू होणाऱ्या फंक्शनांना स्टॅटिक स्कोप मिळतो. म्हणजे शेल बदललं की त्याच कोडचा अर्थ बदलू शकतो.

ईमॅक्स या लिस्पवर चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरने २०१२ च्या २४ व्या आवृत्तीत लेक्सिकल स्कोपिंगची सोय दिली, तीही फाइलच्या पहिल्या ओळीत मागितली तरच. डायनॅमिक व्हेरिएबलं मात्र त्यांनी टाकली नाहीत. शोधताना लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळायचा की नाही, हे वरच्या फंक्शनात एकदा बांधलं की खालच्या सगळ्यांना कळतं; प्रत्येकाला वेगळा आर्ग्युमेंट देत बसावं लागत नाही.