ब्रीफ एन्काउंटर

डेव्हिड लीन यांनी दिग्दर्शित केलेला ब्रिटिश कृष्णधवल प्रेमपट. दुसरे महायुद्ध संपल्यावर थोड्याच महिन्यांत, नोव्हेंबर १९४५ मध्ये, तो प्रदर्शित झाला. नोएल कॉवर्ड यांच्या १९३६ च्या ‘स्टिल लाइफ’ या एकांकिकेवर तो आधारलेला आहे.

लॉरा जेसन ही मध्यमवर्गीय गृहिणी दर गुरुवारी खरेदी आणि सिनेमासाठी मिलफर्डला येते. फलाटावरून धडधडत गेलेल्या एक्स्प्रेसमुळे तिच्या डोळ्यात कण जातो आणि डॉ. अ‍ॅलेक हार्वे तो रुमालाच्या टोकाने काढतो. दोघेही विवाहित, मुलाबाळांचे. ओळख वाढते, प्रेमात बदलते. अखेर अ‍ॅलेक जोहान्सबर्गच्या रुग्णालयातली नोकरी पत्करतो.

एकांकिका सबंध स्टेशनाच्या उपाहारगृहातच घडते आणि प्रेक्षक त्या दोघांकडे बाहेरून पाहतो. चित्रपटात मात्र सगळी हकिगत लॉरा सांगते, तीही मनातल्या मनात. समोर नवरा फ्रेड शब्दकोडे सोडवत बसला आहे, तिची कबुली त्याच्यासाठी आहे, पण ओठ हलत नाहीत. फ्रेड दुष्ट नाही, चांगला मायाळू माणूस आहे; म्हणूनच तिची घालमेल इतकी खरी वाटते.

चित्रपट सुरू होतो तोच शेवटच्या निरोपापासून. डॉली मेसिटर ही बोलघेवडी ओळखीची बाई टेबलाशी येऊन बसते, एक गृहस्थ लॉराच्या खांद्यावर हात ठेवून निघून जातो, इतकेच आपल्याला दिसते. तासाभराने तोच प्रसंग पुन्हा येतो, आणि डॉलीमुळे या दोघांना धड निरोपही घेता आला नाही हे तेव्हा उमगते. रूपांतराची खरी कमाई हीच. लॉरा साकारणाऱ्या सेलिया जॉन्सन यांनी तो प्रसंग जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी पेलला आहे. अ‍ॅलेकच्या भूमिकेत ट्रेव्हर हॉवर्ड होते.

स्टेशनाचे चित्रीकरण ऐन युद्धात, फेब्रुवारी १९४५ मध्ये, लँकेशरमधील कार्नफोर्थ येथे रात्री झाले. लंडनपासून इतक्या दूर विमानहल्ल्याची सूचना मिळाल्यावर दिवे मालवायला वेळ मिळाला असता. उपाहारगृह मात्र डेनहॅम स्टुडिओतला सेट होता. कार्नफोर्थचे आजचे उपाहारगृह त्या सेटच्या धर्तीवर नंतर सजवले गेले. वाफ आणि काळोख यांतून रॉबर्ट क्रास्कर यांनी टिपलेले फलाट, आणि आयलीन जॉइस यांनी वाजवलेला रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉव्हचा दुसरा पियानो कन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) यांशिवाय हा चित्रपट आठवतच नाही.

१९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार ११ चित्रपटांना विभागून मिळाला. त्यांत हा होता आणि चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९९ च्या यादीत त्याला सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटांत दुसरे स्थान मिळाले. अ‍ॅलेक लॉराला ज्याच्या फ्लॅटवर नेतो, त्या मित्राचे पुढे काय होत असेल, हा विचार हॉलिवूडचे दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या मनात घोळत राहिला. त्यातूनच त्यांचा १९६० चा चित्रपट ‘द अपार्टमेंट’ आकाराला आला.