अर्पानेटवरील राउटिंगची अस्थिरता आणि तिचे निदान

अर्पानेट हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन संस्थेने 1969 मध्ये सुरू केलेले संगणक नेटवर्क होते. त्यावर पॅकेटांचे (संदेशाच्या छोट्या तुकड्यांचे) मार्ग सतत पालटत राहणे, पॅकेटे दोन नोडांमध्ये (पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या संगणकांमध्ये) घुटमळणे, किंवा एक लाइन तुडुंब भरलेली असताना शेजारची रिकामी राहणे, हा दोष सुमारे दोन दशके वेगवेगळ्या रूपांत उद्भवत राहिला. पॅकेटाचा मार्ग ठरवणे म्हणजे राउटिंग, म्हणून या दोषाला राउटिंगची अस्थिरता म्हणतात. दोष शोधणे अवघड होते, कारण बहुतेक वेळा यंत्र मोडलेले नसे आणि लाइनही तुटलेली नसे. प्रत्येक नोड नेमून दिलेले काम बरोबर करत असे. चूक असे ती मार्ग निवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आकड्यात.

नेटवर्कचे नोड म्हणजे ‘इंप’ (इंटरफेस मेसेज प्रोसेसर). हनीवेल कंपनीच्या डीडीपी-516 या लघुसंगणकावर ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बीबीएन कंपनीने बांधले. पहिला इंप 1969 च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पोचला. नोडांना जोडणाऱ्या भाड्याच्या टेलिफोन लाइनींचा वेग सेकंदाला साधारण 50 किलोबिट होता. आज एक छायाचित्रही इतक्या मंद लाइनीवरून कोणी पाठवणार नाही. तेव्हा मात्र अनेक विद्यापीठांची सगळी ये-जा तिच्यावर चाले. म्हणूनच मार्ग चुकला की त्याची झळ लगेच जाणवे.

मूळ पद्धतीत प्रत्येक इंप आपल्या शेजाऱ्यांना सेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांश अवधीने एक तक्ता पाठवी : कोणत्या ठिकाणी पोचायला आपल्याकडून किती विलंब लागेल. शेजारी त्यात आपल्या लाइनीचा विलंब मिळवून सर्वांत कमी आकड्याची वाट निवडी. लाइनीचा विलंब मात्र प्रत्यक्ष मोजला जात नसे. त्या क्षणी रांगेत किती पॅकेटे आहेत, अधिक एक स्थिरांक, एवढाच तो हिशेब. क्षणाक्षणाला बदलणारी रांगेची लांबी हा विलंबाचा अत्यंत डळमळीत अंदाज आहे. त्यामुळे वाटा विनाकारण पालटत. शिवाय एखादी लाइन बंद पडल्याची बातमी तक्त्यातक्त्यांतून हळूहळू पसरे. तोवर ‘क’कडे जायची वाट ‘ब’कडून आहे असे ‘अ’ला वाटे आणि ‘अ’कडून आहे असे ‘ब’ला. पॅकेट त्या दोघांमध्ये टोलवले जाई.

निदानाची साधने दोन ठिकाणी होती. यूसीएलएमध्ये लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या देखरेखीखाली नेटवर्क मापन केंद्र होते. मुद्दाम कृत्रिम भार टाकणे आणि विशिष्ट पॅकेटावर खूण करून प्रत्येक इंपमधील त्याच्या वेळांची नोंद मागवणे हे त्याचे काम. बीबीएनचे नियंत्रण केंद्र रोजची देखभाल पाही. प्रत्येक इंप ठरावीक काळाने आपली व आपल्या लाइनींची स्थिती तिकडे कळवी. या रचनेत एक अंगभूत अडचण होती, आणि तिचा उल्लेख बहुतेक वर्णनांत ओझरताच येतो : आजारी नेटवर्कची हकीकत त्याच आजारी नेटवर्कवरून यायची. अहवाल आला नाही, तर इंप बंद आहे, लाइन बंद आहे की अहवालच कुठे गोल फिरतो आहे, हे दुरून ठरवता येत नसे.

एक चुकीचा आकडा नेटवर्कभर कसा पसरे, याचे ठळक उदाहरण म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या इंपमधील बिघाड. स्मृतीतील दोषामुळे हा इंप सगळ्या ठिकाणांपर्यंतचे आपले अंतर शून्य सांगू लागला. शेजाऱ्यांनी ते खरे मानले, त्यांच्या शेजाऱ्यांनीही, आणि दूरदूरची पॅकेटे हार्वर्डकडे खेचली जाऊन तिथे नाहीशी होऊ लागली. त्यानंतर, 1973 मध्ये, बीबीएनचे जॉन मॅक्विलन यांनी इंपच्या आज्ञावलीतच चेकसम (मजकूर बिघडला का, हे पडताळणारी बेरीज) घालण्याचा उपाय मांडला. लाइनीवर बिघडलेला बिट हार्डवेअरची तपासणी पकडत होती; स्मृतीत बिघडलेला बिट मात्र तिच्या नजरेतून सुटत होता.

मे 1979 मध्ये मूळ पद्धत बदलण्यात आली. नव्या पद्धतीत प्रत्येक इंपकडे संपूर्ण नेटवर्कचा नकाशा असे आणि त्यावरून तो संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या रीतीने लघुतम मार्ग काढी. विलंब आता खरोखर मोजला जाई : पॅकेट आले केव्हा, गेले केव्हा, याची दहा सेकंदांची सरासरी. तीत मोठा फरक पडला की ‘अपडेट’ नावाचा छोटा संदेश सगळ्या नेटवर्कभर पसरवला जाई. फेऱ्यांत अडकण्याचा त्रास यामुळे खूपच कमी झाला.

27 ऑक्टोबर 1980 रोजी ही नवी पद्धत अशा जागी कोसळली जिथे कोणी पाहत नव्हते. काही तास अर्पानेट वापरण्याजोगे राहिले नाही. नियंत्रण केंद्राला दिसत होते ते लाइनी बंद पडल्याचे चित्र, पण लाइनी धडधाकट होत्या. इंप एका वरच्या प्राधान्याच्या कामात इतके गुंतले होते की लाइन चालू असल्याची खातरजमा करणाऱ्या कामाला वेळच मिळत नव्हता, आणि म्हणून लाइन बंद असल्याचे जाहीर होत होते. इंपच्या स्मृतीची नक्कल काढून पाहिल्यावर खरे कारण समोर आले. रांगा 50 क्रमांकाच्या इंपच्या अपडेटांनी भरल्या होत्या आणि त्यांचे अनुक्रमांक 8, 40, 44, पुन्हा 8, 40, 44 असे येत होते.

हे तीन आकडे द्विमान पद्धतीत मांडले की उलगडा होतो : 44 म्हणजे 101100, 40 म्हणजे 101000, 8 म्हणजे 001000. प्रत्येक वेळी एकेक बिट गळाला आहे. अनुक्रमांक सहा बिटांचे असल्याने 63 नंतर पुन्हा 0 येई. म्हणून ‘नवे कोणते’ हे ठरवताना घड्याळासारखा वर्तुळाकार हिशेब होता. त्या हिशेबाने 40 हे 8 पेक्षा नवे, 44 हे 40 पेक्षा नवे, आणि 8 हे 44 पेक्षा नवे! प्रत्येक इंप जुने टाकून ‘नवे’ स्वीकारी आणि पुढे पाठवी. या चक्राला अंतच नव्हता. अपडेट शिळे झाले की टाकून देण्याची सोय होती, पण इंपमध्ये आठ सेकंद पडून राहिल्याशिवाय त्याचे वय मोजले जात नसे, आणि इथे कोणतेच अपडेट तेवढा वेळ टिकत नव्हते. एखादा इंप बंद करून पुन्हा सुरू केला तरी शेजारी त्याला तीच अपडेट पुन्हा देत. शेवटी 50 क्रमांकाच्या इंपची अपडेट दुर्लक्षित करणारी दुरुस्ती एकेका इंपमध्ये भरत जावे लागले. बीबीएनचे एरिक रोझेन यांनी 1981 मध्ये या घटनेचे विश्लेषण लिहिले. नेटवर्कच्या दोषनिदानावरील लेखनात ते आजही अव्वल आहे.

गर्दीमुळे येणारी अस्थिरता मात्र अजून शिल्लक होती, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यास भार वाढल्यावर ती उघडी पडली. नेटवर्कचे दोन भाग केवळ दोन लाइनींनी जोडलेले आहेत असे समजा. पहिली भरली, तिचा विलंब वाढल्याचे अपडेट क्षणार्धात सर्वत्र गेले, आणि सगळ्या इंपांनी एकाच वेळी वाहतूक दुसरीवर वळवली. दहा सेकंदांनी दुसरी तुंबली, पहिली ओस. घाटात कोंडी असल्याचे कळताच सगळ्यांनीच जुन्या रस्त्याला गाडी घालावी, तसे हे. मोजलेला विलंब खोटा नव्हता. पण तो ऐकून सगळे हलले की तो खरा राहत नसे. दीर्घ काळाची सरासरी घेतली तर दोन्ही लाइनी अर्ध्या भरलेल्या, म्हणजे निरोगी दिसतात. हा दोष पाहायचा तर सलग छोट्या अवधींचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

याच काळात टोकाच्या संगणकांचे वर्तनही बिघडलेले होते. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यातील प्रवाह सेकंदाला 32 किलोबिटवरून 40 बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे 400 यार्ड. त्या प्रयोगशाळेतील संशोधक व्हॅन जेकबसन यांनी दाखवले की मूळ दुखणे टीसीपीच्या (टोकाच्या संगणकांनी माहिती कशी पाठवायची ते ठरवणाऱ्या नियमावलीच्या) अतिउत्साही पुनर्प्रेषणात, म्हणजे तीच पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवण्यात, होते, राउटिंगमध्ये नव्हे. वापरणाऱ्याला मात्र दोन्हींचे लक्षण एकच दिसे : उत्तर येत नाही. माइक मस यांचे पिंग हे तपासणीचे साधन 1983 पासून उपलब्ध होते, पण ते फक्त जाऊन-येऊन लागणारा वेळ सांगे. जेकबसन यांचे ट्रेसराउट हे साधन वाटेतील गेटवे (नेटवर्कांना एकमेकांशी जोडणारी यंत्रे) दाखवी. तरी अर्पानेटच्या आत ते आंधळेच होते. आयपीच्या (नेटवर्कांपलीकडे पॅकेटे पोचवणाऱ्या नियमावलीच्या) दृष्टीने सगळे अर्पानेट ही एकच उडी. आतल्या इंपांचा माग त्यातून लागत नसे.

गर्दीतील हेलकाव्यांवर बीबीएनचे अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी उपाय काढला, आणि जुलै 1987 मध्ये तो नेटवर्कवर बसवला गेला. मार्गाची रीत त्यांनी बदलली नाही, फक्त लाइनीचा ‘खर्च’ ठरवण्याचे सूत्र बदलले. लाइन कितीही भरली तरी तिचा खर्च रिकाम्या लाइनीच्या साधारण तिप्पटीपलीकडे जाणार नाही, आणि एका अपडेटमध्ये तो थोडाच हलेल. त्यामुळे लाइन भरल्यावर काहीच मार्ग तिच्यावरून हटत, सगळे नाही. बदलाच्या आधीच्या मे महिन्याशी ऑगस्टची तुलना केली, तर वाहतूक सुमारे 13 टक्क्यांनी वाढूनही पॅकेटाला जाऊन-येऊन लागणारा विलंब सुमारे 46 टक्क्यांनी कमी झाला होता. एका सूत्रातल्या फेरफाराने एवढा फरक पडावा, हेच दुखणे कुठे होते ते सांगते.

अर्पानेट फेब्रुवारी 1990 मध्ये बंद झाले. 1991 च्या ओएसपीएफ (दुसरी आवृत्ती) या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये (नियमावलीत) नकाशा आणि पूर पद्धतीने, म्हणजे एकाकडून सगळ्या शेजाऱ्यांकडे असे, अपडेट पसरवणे या कल्पना राहिल्या, पण लाइनीचा खर्च व्यवस्थापक ठरवतो. गर्दीप्रमाणे तो बदलत नाही. त्यातील अनुक्रमांक वर्तुळाकार नसून सरळ रेषेत चढणारे, 32 बिटांचे आहेत, अपडेटचे वय प्रत्येक टप्प्यावर वाढवले जाते, आणि चेकसम स्मृतीत साठवलेल्या नोंदींवरही पुन्हा पुन्हा तपासला जातो.