हेल्मेटशिवाय उडी मारली तर माणूस फुटतो?

सांगलीत विश्रामबागेकडं भडंग खात ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चा विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच, “पिक्चर नादखुळा, पण त्यातला अंतराळवीर बोमन हेल्मेटशिवाय, हवाच नसलेल्या अवकाशातून यानात उडी मारतो ते काय पटत नाही. माणूस फुटंल की!”

नाही फुटत. अंग सुजतं, पण कातडी चिवट असते. रक्तही शिरांच्या दाबात असल्यानं लगेच उकळत नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात, म्हणजे हवा काढून टाकलेल्या कक्षात जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या स्पेससूटची हवेची नळी सुटली. साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. त्याआधीची शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ उकळतेय! हवा भरली तसा गडी शुद्धीवर आला.

खरी चूक वेगळीच आहे. उडीआधी बोमन श्वास रोखताना दिसतो. तसं केलं तर फुप्फुसं फाटायची. श्वास सोडूनच द्यायला हवा.

बाकी तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. दार उडतं, बोमन आत आपटतो, आणि आवाज? शून्य. हवा आत शिरल्यावरच सूंऽऽ ऐकू येतं. हे १९६८ सालचं, चंद्रावर माणूस उतरायच्याही आधीचं. आजचे कोटींचे पिक्चर निर्वातात खुशाल बॉम्ब वाजवतात.