मुलांच्या हाती पीठ देताना : आमच्या गिरणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गिरणीत दळणाच्या डब्यांबरोबर एक प्रश्नही हमखास येतो : "घरी मुलांना घेऊन काहीतरी करायचे आहे, कोणते पीठ देता?" रांगेत दहा माणसे उभी असताना या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत आटोपावे लागते आणि ते अपुरेच राहते. म्हणून आमच्या घरातील मुलांबरोबर करून पाहिलेले पदार्थ आणि दळणाच्या कामातून पिठाविषयी जे कळले ते येथे सविस्तर देत आहोत.

आरंभीच एक आग्रहाची विनंती आहे. मुलांना स्वयंपाकात घेणे म्हणजे मोठ्यांनी केलेल्या केकवर त्यांच्याकडून रंगीत गोळ्या लावून घेणे, असे कृपया समजू नये. मोजणे, चाळणे, फेसणे, मळणे आणि वळणे ही ज्यांवर पदार्थ जमणे किंवा बिघडणे अवलंबून असते अशी कामे त्यांच्या हाती द्यावीत. पिठाची पारख हातालाच येते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात त्यासाठी पुरेसा तयार असतो.

दोन गोळ्यांची ओळख

पदार्थाकडे वळण्यापूर्वी एक छोटा प्रयोग अवश्य करावा. अर्धी वाटी कणीक आणि अर्धी वाटी ज्वारीचे पीठ वेगवेगळ्या ताटांत घेऊन मुलाला साध्या पाण्याने दोन्हींचे गोळे मळू द्यावेत आणि वीस मिनिटे झाकून ठेवावेत. त्यानंतर दोन्ही गोळे हळूहळू ताणून पाहावेत. कणकेचा गोळा लांबतो आणि सोडला की थोडा मागे सरकतो, तर ज्वारीचा गोळा ताणताच तुटतो. पुढची पायरी मुलांना सर्वांत जास्त आवडते. कणकेचा गोळा पाणी भरलेल्या पातेल्यात बुडवून बोटांनी हलके चोळत राहिल्यास पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि तीन-चार वेळा पाणी बदलल्यावर हातात चिमूटभर कोंड्यासह एक करडा, चिवट, रबरासारखा गोळा उरतो. पांढऱ्या पाण्यात गेला तो स्टार्च आणि हातात राहिले ते ग्लुटेन. गव्हातील दोन प्रथिने पाणी लागल्यावर एकमेकांना धरतात आणि त्यांची ही जाळी तयार होते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांच्या पिठांत ती होत नाही. म्हणूनच भाकरीचे पीठ गरम पाण्याने भिजवतात, कारण उष्णतेने त्यातील स्टार्च थोडा शिजून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो.

हा प्रयोग आम्ही आधी सांगतो, त्यामागे कारण आहे. पोळीला ही जाळी हवी असते, म्हणून कणीक चांगली तिंबून मुरू देतात. नानकटाईला मात्र ती अगदी थोडीच पुरते, म्हणून तिचे पीठ मळायचेच नाही. हा एक फरक मुलाच्या हाताला कळला, तर पुढील कृती त्याला पाठ करावी लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. गिरणीतून येणारे पीठ कच्चे असते. शेतातून आलेले धान्य दळताना गरम होते खरे, परंतु त्यातील जंतू मरतील इतके तापत नाही. त्यामुळे कच्चे पीठ, कच्चा गोळा किंवा केकचे मिश्रण मुलांना चाटू देऊ नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

नानकटाई

घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी दिवाळीच्या आधी तूप, पिठीसाखर आणि मैदा डब्यांत भरून लोक जवळच्या बेकरीत जात, आणि भट्टीतून निघालेल्या नानकटाईचा वास अंगावर घेऊनच घरी परतत. आमच्या अनेक वयस्कर ग्राहकांना ही रांग आजही आठवते. मुलांबरोबर भाजण्याचा पहिला पदार्थ म्हणून आम्ही नानकटाईच सुचवतो. तिला अंडे लागत नाही, साहित्य मोजके असते आणि आकार थोडा वेडावाकडा झाला तरी चवीत काही उणे राहत नाही.

मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थिजलेले साजूक तूप १२० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड एवढेच साहित्य घ्यावे. घरात वजनकाटा असल्यास तोच वापरावा आणि आकडा मुलाला वाचू द्यावा, कारण दाबून भरलेल्या आणि चाळून भरलेल्या एकाच वाटीतील पिठात बराच फरक पडतो. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, सपाट भरलेला.

तूप थिजलेले असणे फार महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात ते पातळ असेल तर वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन मुलाला तळहाताने एकाच दिशेने फेसायला सांगावे. सुरुवातीला तूप पिवळसर आणि जड लागते. आठ-दहा मिनिटांत ते पांढरे होत जाते, फुलते आणि हाताला लोण्यासारखे हलके लागते. या वेळी त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकत असतात आणि भाजताना त्यांच्यामुळेच नानकटाई खुसखुशीत होते. मुलाचा हात दुखू लागला तर आपण आळीपाळीने फेसावे, परंतु हे काम यंत्राला देऊन मोकळे होऊ नये, कारण रंग बदलताना पाहणे हाच यातील खरा भाग आहे.

त्यानंतर मैदा, बेसन, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे, त्यात रवा आणि वेलदोड्याची पूड मिसळावी आणि हे सर्व फेसलेल्या तुपात घालून बोटांच्या टोकांनी केवळ गोळा करावे. मिश्रण एकत्र आले की थांबावे. मुलांचा हात येथे मळण्याकडे वळतोच, त्या वेळी मघाच्या रबरासारख्या गोळ्याची आठवण करून द्यावी. लिंबापेक्षा लहान, साधारण २० ग्रॅमचे गोळे वळून किंचित चपटे करावेत आणि ताटात दोन बोटांचे अंतर ठेवून मांडावेत. या मापात बावीसच्या आसपास नानकटाया होतात. ओव्हन आधी दहा मिनिटे तापवून १७० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटे भाजावे. वरून त्या फिकटच राहतात, खालची बाजू हलकी बदामी झाली की काढाव्यात. गरम असताना त्या मऊ लागतात, म्हणून भाजल्या गेल्या नाहीत असे वाटून पुन्हा आत ठेवू नयेत. वीस मिनिटे ताटातच निवू द्याव्यात. मुलांसाठी सगळ्यात कठीण काम ते हेच.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाची कढई वापरावी. तळाला दोन वाट्या जाडे मीठ पसरून त्यावर एक कडे ठेवावे, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि मग नानकटायांचे ताट कड्यावर ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. अनेक जण यासाठी प्रेशर कुकर वापरतात, परंतु पाण्याशिवाय कुकर तापवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

एक अनुभव येथे सांगणे आवश्यक वाटते. आमच्याच घरी एकदा मुलांनी कणकेची नानकटाई करायची ठरवली आणि आम्ही गिरणीतून नुकतेच पडलेले पीठ तसेच घरी नेले. ताजे पीठ दगडाच्या घर्षणाने चांगलेच गरम असते. ते घालताच फेसलेले तूप वितळले आणि सगळ्या नानकटाया भाजताना पसरून एकमेकींना चिकटल्या. मुलीने तासभर फेसलेले तूप वाया गेले याचे आम्हाला फार वाईट वाटले, कारण चूक तिची नव्हती. तेव्हापासून भाजण्याच्या पदार्थांसाठी पीठ नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो की पीठ परातीत पसरून पूर्ण निवू द्यावे आणि मगच डब्याचे झाकण लावावे.

नाचणी घालायची असल्यास

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून नाचणीच्या पिठाविषयी विचारणा वाढली आहे, आणि ती योग्यच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे गहू किंवा तांदूळ यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. मात्र तिच्यात ग्लुटेन नसल्यामुळे सगळे पीठ नाचणीचे घेतल्यास नानकटाई हातात घेताच भुगा होते. वरील कृतीतील मैद्यापैकी निम्मा, म्हणजे ७५ ग्रॅम, काढून त्याजागी नाचणीचे पीठ घ्यावे आणि मिश्रण कोरडे वाटल्यास चमचाभर दूध शिंपडावे.

ज्या घरात मुलाला गहू वर्ज्य आहे, त्यांना आमची स्पष्ट सूचना अशी आहे की आमच्याकडील नाचणी, ज्वारी किंवा तांदळाचे पीठ त्यांनी कृपया घेऊ नये. गिरणी कितीही झाडली तरी आधीच्या धान्याचे थोडे पीठ दगडांत आणि पिशवीत राहतेच. म्हणून तर अनेक ग्राहक "गव्हावर गहूच दळा" असे बजावतात. अशा मुलांसाठी केवळ त्याच धान्यासाठी राखलेल्या ठिकाणचे पीठ किंवा ज्यावर गहू कधीच दळलेला नाही अशा घरच्या जात्यावरचे दळण हाच सुरक्षित मार्ग आहे.

रव्याचा केक आणि सोड्याची करामत

पेल्यात थोडे आंबट ताक घेऊन मुलाला त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकू द्यावा. लगेच फेस वर येतो. सोडा आणि ताकातील आम्ल यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि तोच केकला फुगवतो. हे पाहिल्यावर सोडा सर्वांत शेवटी का घालायचा आणि घातल्यावर मिश्रण ताटकळत का ठेवायचे नाही, ते वेगळे सांगावे लागत नाही.

बारीक रवा २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर आणि पातळ तूप किंवा वास नसलेले तेल ६० मिलिलिटर एकत्र करून अर्धा तास रवा फुलू द्यावा. मग अर्धा छोटा चमचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळावे, तूप लावलेल्या भांड्यात ओतावे आणि १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. सुरी टोचल्यावर कोरडी निघाली की केक झाला. जास्त फुगेल या आशेने सोडा वाढवू नये, त्याने केक तांबूस होतो आणि साबणासारखी चव येते.

विस्तवाशिवाय

अगदी लहान मुलांसाठी दाण्याचे लाडू उत्तम. २५० ग्रॅम शेंगदाणे मोठ्यांनी खमंग भाजून निववावेत. दाणे चोळून टरफले काढणे आणि सुपात पाखडणे हे मुलांचे काम. पहिल्या दिवशी निम्मे दाणे जमिनीवर जातील, जाऊ द्यावेत. मग मोठ्यांनी दाणे आणि २०० ग्रॅम चिरलेला गूळ मिक्सरमधून थांबून थांबून फिरवावे, तेल सुटू लागले की लाडू वळायला घ्यावेत. चार वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. दाण्यांची ॲलर्जी असल्यास तीळ किंवा सुके खोबरे वापरावे.

शेगडीजवळ

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत गॅस पेटवणे आणि ओव्हनमधून ताट काढणे ही कामे मोठ्यांनीच करावीत. शेगडीजवळ सैल बाह्या आणि ओढण्या नकोत, केस बांधलेले असावेत आणि कढईचे कान आतल्या बाजूला वळवलेले असावेत. चटका बसलाच तर भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा कणीक लावू नये. मोठा फोड आल्यास किंवा भाजणे चेहऱ्यावर असल्यास थेट डॉक्टरांकडे जावे.

दळण कसे मागावे

पोळ्यांसाठी आमच्याकडे बहुतेक ग्राहक लोकवन गहू नेतात. या नावाचे मूळ मुलांना सांगण्यासारखे आहे. गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेले हे 'लोक-१' वाण, आणि त्याचेच बाजारात 'लोकवन' झाले. पोळ्या लाटायला शिकणाऱ्या मुलासाठी बारीक दळण मागावे, कारण भरड पिठाची पोळी कडेला फाटते आणि नवख्या हाताचा उत्साह जातो. नानकटाईत मैद्याऐवजी कणीक वापरायची असल्यास ती मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळून घ्यावी. राहिलेला कोंडा टाकून न देता थालीपिठात घालावा.

मुलांच्या पदार्थांसाठी अर्धा किलो इतकेही पीठ आम्ही देतो, मात्र इतके थोडे धान्य वेगळे दळता येत नसल्यामुळे ते त्या दिवशीच्या आमच्या दळणातून दिले जाते. कणीक साधारण महिनाभरात आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवावी, बाजरीचे पीठ त्याहूनही लवकर, कारण त्यातील तेलामुळे ते कडू होते. डब्यावर धान्याचे नाव, दळणाची तारीख आणि 'बारीक' किंवा 'भरड' ही नोंद मुलांच्याच अक्षरात लिहून चिकटवावी, आम्ही तीच चिठ्ठी वाचून पुढचे दळण करून देऊ.